मला अडवणारं कुणीतरी

मॉरिसव्हिल,
११ एप्रिल २००६

प्रिय देवदत्त,

रविवारी ‘भाजी करपतेय’ म्हणून मी फोन ठेवला ते साफ खोटं होतं. गॅसवर काहीच नव्हतं. तू विचारलंस, “तिथे बेंचवर बसून तुला मिळतं काय, सुवर्णा? इथे ये, इथे तू स्टार होशील,” आणि मला एवढा राग आला की त्या भरात तोंडून भलतंच काही निघालं असतं. शिवाय फोनवर तू इतकं गोड आणि मुद्देसूद बोलतोस की पाचव्या मिनिटाला मी ‘हो रे, बरोबर आहे तुझं’ म्हणून मोकळी होते आणि मग दोन दिवस स्वतःवरच चरफडत बसते. म्हणून आज कागद घेतला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, आणि पूर्ण देणार आहे. चहा करून घे आणि मगच वाचायला बस.

जानेवारीत तुझं प्रोजेक्ट पार उत्तरेकडच्या नोव्हाय गावी गेलं आणि पाठोपाठ तूही, तेव्हापासून ठरलंय, की एप्रिलअखेर इथल्या अपार्टमेंटचं लीज संपलं की मीही तिकडे यायचं. हे नक्की कुणी ठरवलं ते मला आठवत नाही. मी ‘नाही’ म्हटलं नाही, हे खरं. माझ्या न बोलण्याचा तू होकार धरलास आणि मीही तो धरू दिला. मग बावीस तारखेचे, सामान हलवणारे मूव्हर्स ठरले. मग परवा तुझी ती ईमेल आली, तिथल्या मराठी मंडळाच्या बायकांच्या इनडोअर टीमचं पत्रक घेऊन: कॅप्टन सुवर्णा, महाराष्ट्राची माजी स्टार स्ट्रायकर. माझा पंचवीस वर्षांची असतानाचा फोटोही तू त्यांना देऊन टाकलास. त्या बायकांना मी हसत नाहीये, उलट कौतुकच आहे. चाळिशीला आलेल्या, दोन-दोन मुलांच्या आया रविवारी सकाळी शूज घालून चेंडूला लाथ मारतात आणि मग सगळ्या मिळून पोहे खातात, छानच आहे ते. पण मला पुन्हा स्टार करू नकोस. तिथूनच तर मी पळून आले.

मी इथे का आले याची उत्तरं सगळ्यांकडे तयार आहेत, फक्त मला कुणी विचारत नाही. कामठीत म्हणतात, पोरीने फुटबॉल सोडला आणि अमेरिका धरली. आपल्या अपार्टमेंटमधली रुपाली पॉटलकच्या जेवणात सगळ्यांना सांगते, एच-फोर व्हिसावर नोकरी करता येत नाही, घरी बसून करायचं काय, सुवर्णाला बरा टाइमपास मिळालाय. आणि गेल्या ऑगस्टमधला तो गावचा फुकट वाटला जाणारा पेपर आठवतो ना? ‘बंधनं तोडून आलेली खेळाडू’. जिथे मुलींना चेंडूला हात लावू देत नाहीत अशा देशातून मी निसटले म्हणे, आणि भल्या नवऱ्याने मला खेळायची परवानगी दिली म्हणे. तू हसत सुटलास, ते कात्रण फ्रिजवर लावलंस आणि खाली ‘परवानगी देणारा’ अशी सही ठोकलीस. मी मात्र ते लिहिणाऱ्या बाईला फोन केला. सांगितलं, माझे वडील शाळेत पीटीचे मास्तर होते, राजाराम मास्तर म्हणून अख्खं कामठी त्यांना ओळखतं. मुलींच्या मॅचसाठी सकाळी सहाला उठून मैदानावर चुन्याच्या रेषा ते स्वतः मारायचे. मला कुणीही बांधून ठेवलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन ओळींचा खुलासा छापला, हरवलेल्या मांजराच्या जाहिरातीखाली.

अडचण नेमकी तीच होती, देवदत्त. मला कुणी अडवलंच नाही.

ही गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. अठ्ठ्याण्णव साली जिल्ह्यांच्या स्पर्धेत मी एका मॅचमध्ये नऊ गोल केले, ते तू सगळ्यांना सांगतोस. पलीकडच्या टीमची गोलकीपर कोण होती ते मी तुला कधी सांगितलं नाही. ती खो-खोची मुलगी होती. अकरा जणी भरत नव्हत्या म्हणून तिला आदल्या दिवशी पकडून आणलेलं. पायात भावाचे शूज होते, पुढे कापूस कोंबलेला. सहाव्या गोलनंतर ती चेंडू यायच्या आधीच डोळे मिटायला लागली, आणि मी तरी मारतच राहिले, कारण काठावर लोक टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून मी ढसाढसा रडले. बाबांना काही कळेना. म्हणाले, “काहून रडून राहिली? नऊ टाकले ना तू.” मी म्हटलं, “बाबा, मला कुणी अडवलंच नाही.” दुसऱ्या दिवशी पेपरात ‘गोलची राणी’ म्हणून माझा फोटो आला. आईने तो देवघराशेजारी लावला आणि मी कॉलेज संपेपर्यंत त्याच्याकडे पाहायचं टाळत राहिले.

पुढच्या वर्षी केबलवर बायकांचा वर्ल्डकप पाहिला. अमेरिकेच्या टीममधल्या कितीतरी मुली नॉर्थ कॅरोलायनातल्या एकाच युनिव्हर्सिटीतून आलेल्या, असं कॉमेंटेटर सांगत होता. मी त्यांचे गोल पाहतच नव्हते, मी त्यांच्या बचाव करणाऱ्या बॅक पाहत होते. समोरची स्ट्रायकर वळायच्या आत तिच्या पायातून चेंडू काढून घेणाऱ्या, उंच, निर्दयी मुली. मला वाटलं, ह्यांच्यातल्या एकीने मला एकदा नीट आडवं करावं. मी खरंच किती पाण्यात आहे ते मला एकदाचं कळू दे. नावाजलेल्या खेळाडूला अशी इच्छा असते हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

तुला ती पहिली प्रॅक्टिस आठवते? दोन हजार तीनचा मे, मला येऊन तीन महिने झालेले. क्लबला पैसे भरून उन्हाळ्यात खेळता येतं हे तूच शोधून काढलंस, तूच सोडायला आलास आणि गाडीत लॅपटॉप उघडून बसलास. दीड तासात माझ्या पायातून चेंडू चौदा वेळा गेला. एकदाही मी वळू शकले नाही. क्लबची बॅक हेदर तेव्हा अवघी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या पाठीला चिकटून ती असा पाय घालायची की मला चेंडू गेल्याचं नंतर कळायचं. मी गाडीत येऊन बसले आणि हसायलाच लागले, थांबेचना. तुला वाटलं पोरीला धक्का बसला. तू मला त्या उडप्याच्या हॉटेलात डोसा खायला नेलंस आणि दुसरा डोसाही न विचारता मागवलास. देवदत्त, तो धक्का नव्हता. आयुष्यात इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

तेव्हापासून तीन उन्हाळे. गेल्या वर्षी सगळ्या सीझनमध्ये मिळून मी एकसष्ट मिनिटं खेळले, तो आकडा तुझ्याइतकाच मलाही पाठ आहे. यंदाही पहिल्या अकरांत मी नाही. कोच लिंडाने गेल्या बुधवारी स्पष्टच सांगितलं: कॉलेजमधून नवी मुलगी आलीये, ती तुझ्यापेक्षा वेगवान आहे, तू बदली म्हणून राहशील, आणि तीही दुसरी बदली. राहणार का, असं तिने विचारलं आणि मी लगेच ‘हो’ म्हटलं. तुला न विचारता म्हटलं. पण मार्चमधली एक गोष्ट तुला कळायला हवी. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघायचं, हे लिंडा मला तीन वर्षं सांगतेय. मला ती सवयच नव्हती, कारण कामठीत माझ्या मागे कधी कुणी नसायचंच. मार्चमधल्या एका थंड शनिवारी मी पाहिलं, हेदर डावीकडे आहे हे कळलं, उजवीकडे वळले आणि तिला मागे टाकून निघून गेले. हेदर कमरेवर हात ठेवून म्हणाली, “फायनली.” त्यानंतर लागोपाठ तीनदा तिने माझ्याकडून चेंडू काढून घेतला. पण ते एक वळण माझं स्वतःचं होतं. बेंचवर बसून काय मिळतं म्हणून विचारतोस ना, तर हे मिळतं. कामठीतले ते नऊच्या नऊ गोल मी ह्या एका वळणावर ओवाळून टाकीन.

आणि तुला हे कळत नाही असंही नाही, म्हणून तर राग आला. गेल्या जुलैत शार्लटला मॅच होती. तीन तास गाडी चालवून तू आलास आणि मी खेळले चार मिनिटं. परतताना मला भीती होती की तू आता ‘बिचारी’ म्हणणार, नाहीतर लिंडाला शिव्या घालणार. तू तासभर नुसती गाडी चालवलीस. मग म्हणालास, “आज चार मिनिटांत तू सहा वेळा मागे पाहिलंस. मी मोजलं.” माझ्या आईबापांनीही माझा खेळ असा कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी, त्या हायवेवर, मला तू आवडलास. लग्नाला अडीच वर्षं झाल्यावर. त्याच माणसाने रविवारी मला असं विचारावं?

‘लग्नाला अडीच वर्षं झाल्यावर’ हे तू दोनदा वाचलं असशील. बरोबर वाचलंस. प्रत्येक पार्टीत तू सांगतोस, तीन फोटो होते आणि सुवर्णाने मला एका नजरेत निवडलं. सगळ्या बायका ‘अय्या’ म्हणतात, मी हसते आणि रिकाम्या प्लेट गोळा करायला लागते. तो फोटो मी नीट पाहिलासुद्धा नव्हता. शोभनामावशीने तीन स्थळं आणली होती: एक बॉथेलचं, एक नोव्हायचं आणि एक मॉरिसव्हिलचं. मी पत्ते वाचले. बाबांच्या शाळेतल्या ॲटलासमध्ये मॉरिसव्हिल सापडेना, तेव्हा नागपूरला जाऊन सायबर कॅफेत तासभर बसले आणि त्या युनिव्हर्सिटीपासून ते किती लांब आहे ते काढलं. वीस मैल. तू पुण्याहून मला पाहायला आलास तेव्हा मी एवढंच विचारलं, तुमच्याकडे गाडी आहे का आणि संध्याकाळी सहाला रस्त्यात फार गर्दी असते का. तुझी आई घरी जाऊन म्हणाली, मुलगी व्यवहारी आहे. नोव्हायचा मुलगा तुझ्यापेक्षा उंच होता, डोक्यावर केसही चांगले दाट होते. पण मी होकार दिला तो गावाला, आणि तू त्या गावात राहत होतास. मी नवऱ्यामागे अमेरिकेला आले नाही. मी खेळायला आले, नवरा त्यात मिळाला.

हे वाचून तुला लागणार. लागू दे. तीन वर्षं तुझ्या त्या गोष्टीवर मी हसले ही माझी लबाडी होती, आणि तिची माफी मागते. आले त्याची माफी मागणार नाही. मुलांना आपापल्या कामामागे सातासमुद्रापार जाता येतं, तू कोडमागे गेलास, तुला कुणी कारण विचारलं नाही. मला माझं काम होतं. जायला वाट एकच होती, तीही बोहल्यावरून, म्हणून मी बोहल्यावर चढले. तेव्हा मी तुला निवडलं नव्हतं. आज निवडते आहे, आणि तरीही मी नोव्हायला येणार नाही. माझ्या पायांत अजून दोन, फार तर तीन उन्हाळे आहेत. ते मी इथेच घालवणार. मूव्हर्सना मी काल फोन करून कॅन्सल केलं. आईंचा फोन आला तर माझ्याकडे दे, त्यांच्याशी मी बोलेन.

आता हे पत्र खरं तर कशासाठी ते सांगते. सोबत एक फॉर्म आहे, ह्याच कॉम्प्लेक्समधल्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटचा. एच-फोरवर मला पगार नाही, म्हणून घर माझ्या नावावर मिळत नाही, तुझी सही लागते. मी कागदावर पिवळी चिठ्ठी लावली की तू न वाचता सही करतोस, हे मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात टॅक्सचे कागद पाठवले त्यात हा फॉर्म मी घातला होता, चिठ्ठीसुद्धा लावली होती. तू सही केली असतीस आणि मे उजाडेपर्यंत तुला पत्ताही लागला नसता. पाकीट चिकटवायच्या आधी मी तो काढून घेतला. एकदा तुला न सांगता मी माझ्या सोयीचं घर मिळवलं, दुसऱ्यांदा तसं करायचं नाही. तू सही केली नाहीस तर लिंडाच्या घरी एक खोली आहे, ती द्यायला तयार आहे, म्हणजे मी राहणार तर आहेच. मी राहावं की नाही हे मी तुला विचारत नाहीये. तुझ्या सहीने एवढंच ठरेल, की मेपासून शुक्रवारच्या विमानाने तू येशील तो पाहुणा म्हणून लिंडाच्या दारात की आपल्या घरी. ह्या वेळी चिठ्ठी लावलेली नाही. सगळं वाच, आणि मग काय ते कर.

तुझीच, पण राहणार इथेच,
सुवर्णा