बुडबुड्यांची परीक्षा

४ जानेवारी, दुपार

रोजनिशीची माफी मागतो. ऑक्टोबरअखेरपासून इथे एक ओळ नाही. कारण वैद्यकीय आहे, आळस नाही. (आळसही थोडा आहे. वाचणारा मीच, खोटं कशाला लिहा.)

झालं ते थोडक्यात. गाडीच्या परवान्याची परीक्षा घेत होतो. स्टिअरिंगवर एक चष्मेवाली उमेदवार, शेजारच्या सीटवर मी, पायाखाली परीक्षकाचा वेगळा ब्रेक, मांडीवर गुणपत्रक. चौकात मी म्हणालो, उजवीकडे घ्या. निदान मला वाटलं की मी तसं म्हणालो. तोंडातून जे निघालं त्यात म्हणे एकही अक्षर धड नव्हतं. पेन्सिल हातातून पडली ती उचलता येईना. तिने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गाडी घातली डावीकडे, ती थेट हॉस्पिटलच्या दारात.

मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. वेळेत पोचलो म्हणून औषधाने उघडली. स्ट्रोक. वय सेहेचाळीस.

आता ठणठणीत आहे. अक्षर तिरपं येतंय ते पेनामुळे.

संकल्प: रोज लिहिणे. रोज चालणे. महिनाअखेर कामावर हजर. आणि चष्मेवालीचा निकाल लावणे. बिचारीचं भवितव्य माझ्यापाशी अडकून पडलंय, कार्यालयात सारखे फोन करते म्हणे.

६ जानेवारी

मेंदूच्या डॉक्टरांकडे. म्हणाले, कारण सापडत नाही. मानेतल्या रक्तवाहिन्या स्वच्छ. साखर नाही, प्रेशर नाही, सिगारेट नाही. छातीला चिकटवलेल्या यंत्रानेही ठोके सरळ दाखवले. मी म्हणालो, म्हणजे मी निर्दोष. ते म्हणाले, म्हणजे चोर अजून मोकळा आहे. पेशंटशी असं बोलू नये. गुठळी हृदयातून आली असावी असा त्यांना संशय. हृदयाची चित्रं काढायची. तोवर गाडी चालवायची नाही, कामावर जायचं नाही, घरात एकटं राहायचं नाही.

माझं स्वतःचं निदान: एसी. परीक्षेच्या गाडीत एसीचा झोत थेट माझ्या हातावर यायचा. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं नाही.

७ जानेवारी

बायकोने बाथरूमची आतली कडी काढली. स्वतः, स्टुलावर चढून, स्क्रूड्रायव्हरने. मी म्हणालो हे अति होतंय. ती म्हणाली, अहो, आत पडलात तर दार कोण फोडणार, तुमचा एसी? ठरलं असं की आत असेपर्यंत मी गात राहायचं. गाणं थांबलं की ती दार ढकलणार.

मला दोनच गाणी येतात.

९ जानेवारी

चालायला गेलो. घर ते कोपरा. बायको चार पावलं मागे. मागे का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, पुढे राहिले तर पडताना दिसणार कसे?

चालणं उद्यापासून नियमित.

११ जानेवारी

हृदयाच्या डॉक्टरांकडे. मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, गाडीतून नेलं. एक हात स्टिअरिंगवर, एक खिडकीबाहेर. वळताना दिवा दाखवणं त्याला कमीपणाचं वाटत असावं. मी दारापासून दारापर्यंत मनात गुण वजा करत होतो, शेवटी शून्याच्या खाली गेला. त्याने विचारलं, भावोजी, पाय का आपटताय? मी मॅटवर ब्रेक दाबत होतो. माझ्या पायाखाली ब्रेक नाही, ही बातमी पायापर्यंत पोचलेली नाही.

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. (कांद्यासारखं दिसत होतं.) वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक पडदा. जन्माआधी त्यात एक झडप उघडी असते, जन्मानंतर ती चिकटून बंद होते. काहींची चिकटत नाही, नुसती लोटलेली राहते. एरवी काही बिघडत नाही. पण कधी जोर पडला की ती किलकिली होते, आणि एखादी गुठळी उजवीकडून डावीकडे निसटून थेट मेंदूत जाते.

म्हणजे बिनकडीचं दार. घरात एक, छातीत एक. हे मी बोललो नाही, बायको शेजारीच होती.

परीक्षा अशी: सलाइनमध्ये हवा घुसळून बारीक बुडबुडे करायचे, ते हाताच्या शिरेतून सोडायचे आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदय बघायचं. सांगितलं की श्वास कोंडून पोटातून जोर लावायचा, सोडा म्हटलं की सोडायचा. दार किलकिलं असेल तर बुडबुडे पलीकडे जाताना दिसतात. मी विचारलं, किती बुडबुड्यांपर्यंत पास? डॉक्टर म्हणाले, ही पास-नापासाची परीक्षा नव्हे.

सगळेच परीक्षक उमेदवाराला धीर द्यायला असं म्हणतात. मीही म्हणतो.

१३ जानेवारी

विचार केला. हृदयात भोक निघालं तर कार्यालय मला परीक्षकाच्या सीटवर बसू देणार नाही. चौकशीच्या खिडकीत बसवतील. फोटो कुठे चिकटवायचा ते निवृत्त होईपर्यंत सांगत राहायचं. भोक नाही निघालं तर महिनाअखेर गाडीत, माझ्या ब्रेकवर पाय ठेवून. बाथरूमला कडी.

आता प्रश्न जोराचा. रोजच्या जगण्यात मी असा श्वास कोंडून जोर लावतो का? नाही. मग परीक्षेत लावणं हे हृदयाची खोटी स्थिती दाखवणं नव्हे का? आमच्याकडेही काही उमेदवार परीक्षेपुरते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतात. मला त्यांचा मनापासून राग येतो. तेव्हा आपण प्रामाणिकपणे, नैसर्गिक, मध्यम जोर लावावा.

यात माझा काही स्वार्थ आहे का, हे स्वतःला विचारलं. नाही असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं नाही.

१५ जानेवारी, संध्याकाळ

परीक्षा झाली. अंधारी खोली, अरुंद पलंग, डाव्या कुशीवर झोपवलं. छातीवर गार जेल. एका मुलीच्या हातात ते सोनोग्राफीचं यंत्र, दुसरी दोन सिरिंजांमध्ये सलाइन इकडून तिकडे घुसळत होती. मग सुरू: लावा जोर, लावा, लावा, लावा, सोडा! तीनदा. मी मध्यम जोर लावला. चेहऱ्याने मात्र पूर्ण सहकार्य दिलं, डोळे मिटले, गाल फुगवले, दुसऱ्या वेळी थोडा कण्हलोही. यंत्रवाली म्हणाली, काका, खरंच लावताय ना? सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला काका. मी फक्त मान डोलावली, श्वास कोंडलेला होता ना.

पडद्यावर उजव्या बाजूला पांढरे ठिपके उसळून आले. डावी बाजू काळी कुळकुळीत. एक ठिपका नाही. इतकं स्वच्छ काळं मी आयुष्यात पाहिलं नाही.

पास.

१६ जानेवारी

कार्यालयात सहकाऱ्याला फोन केला, माझी सीट तयार ठेवा म्हणालो. तो बरं म्हणाला, पण पलीकडे कुणाला तरी डोळा मारत असावा असं वाटलं. (फोनवर डोळा कळत नाही. संशयी होतोय का मी?)

मुलगी कॉलेजातून आल्यावर विचारते, बाबा, रिपोर्ट आला? मी म्हणालो, रिपोर्ट कशाला, चित्र मी डोळ्यांनी बघितलंय. ती म्हणाली, तुम्ही मागच्या वर्षी माझा एक्स-रे उलटा धरून पास केला होता.

बायकोकडे कडीचा विषय काढला. ती म्हणाली, डॉक्टर सांगू देत. स्क्रू कुठे ठेवलेत ते सांगत नाही.

१८ जानेवारी

दिवसभर चष्मेवालीचा निकाल. विरुद्ध बाजूचे मुद्दे: डावीकडे वळताना दिवा दाखवला नाही. हॉस्पिटलसमोर हॉर्न. अँब्युलन्सच्या जागेत पार्किंग. परीक्षकाची सूचना पाळली नाही. पण ती सूचना समजण्याजोगी होती का? आणि सूचना पाळून ती उजवीकडे गेली असती, तर हा निकाल लावायला मी असतो का? दुसरीकडे, परीक्षकाचा जीव वाचवल्याबद्दल गुण द्यायला गुणपत्रकात रकाना नाही. माझा जीव म्हणून मी झुकतं माप देतोय, असं कुणी म्हणालं तर?

शेवटी लिहिलं: परीक्षा अपूर्ण, पुन्हा घ्यावी. कठोर आहे. पण अर्धवट परीक्षेवर पास करणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

२० जानेवारी, हॉस्पिटल

पलंगावरून लिहितोय. घाबरण्यासारखं काही नाही.

काल सकाळी बाथरूममध्ये होतो. पोट दोन दिवस साफ नव्हतं. पहिलं गाणं चालू होतं. धृपदाच्या दुसऱ्या ओळीत शब्दच येईनात. चाल येत होती, शब्दांच्या जागी लगदा. बायकोने दार ढकललं. मी म्हणणार होतो, दुसरं गाणं आठवतोय. तेही लगद्यातच निघालं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, चष्मेवालीने बघितलं होतं तशी.

थोड्या वेळात सगळं आपोआप परत आलं. आधी उजव्या हाताची बोटं, मग शब्द. मी म्हणालो, हातावर झोपलो असणार. ती म्हणाली, बसून?

मेहुण्याने गाडी अशी हाणली की दोन सिग्नल मला दिसलेच नाहीत. मी मॅटवर पाय दाबला नाही, हे आज ध्यानात आलं.

दुपारी सहकारी भेटायला आला. मी त्याला गुणपत्रक दिलं, कार्यालयात पोचतं कर म्हणालो. त्याने वाचलं, घडी करून मलाच परत दिलं. म्हणाला, अहो, तिची परीक्षा मी त्याच आठवड्यात पुन्हा घेतली. पास झाली, आता गाडी घेऊन कामाला जाते. मी म्हणालो, मग ती निकालासाठी फोन करत होती ना सारखी? तो म्हणाला, निकालासाठी कुठे, तुमचा हात कसा आहे ते विचारायला.

जेवण बेचव. झोपेचा प्रयत्न करणे.

२१ जानेवारी

हृदयाचे डॉक्टर पंधरा तारखेची चित्रं घेऊन आले. माझ्या पलंगाशी स्क्रीन फिरवला. बायको उभी, मुलगी उशाशी.

ते म्हणाले, हे बघा. जोर लावून सोडला की दोन कप्प्यांमधला पडदा शिडासारखा एका बाजूला फुगतो. हा दुसऱ्या एका पेशंटचा. आणि हा तुमचा. माझा पडदा तिन्ही वेळा भिंतीवरच्या फोटोसारखा उभा. डॉक्टर म्हणाले, चेहरा फुगवलात, पण चित्र आम्ही चेहऱ्याचं काढत नाही. मी म्हणालो, जोर मध्यम होता. ते म्हणाले, जोर नव्हताच. त्यामुळे बुडबुडे गेले नाहीत याला काही अर्थ नाही. ही परीक्षा अपूर्ण, पुन्हा घ्यावी लागेल.

शब्द अगदी माझे. गुणपत्रक उशीखाली होतं, त्यांनी पाहिलं असणं शक्य नाही.

मुलीने दुसरीकडे तोंड फिरवलं. हसत असेल असं वाटलं, पण नाक ओढल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, संडासात अगदी इमानदारीने लावलात, इथे काय झालं होतं हो?

याला उत्तर शोधलं. एसी आठवला, पण बोललो नाही.

डॉक्टर म्हणाले, परवाचा झटका परत गेला. पुढचा जाईल असं मी लिहून देऊ शकत नाही. चोर कोण ते दिसलं तर दार बंद करता येईल, मांडीच्या शिरेतून जाऊन, छोटी चकती बसवून. नाही दिसलं तर आपण सगळे बाथरूमबाहेर उभे राहून गाणं ऐकायचं. (म्हणजे बायकोने यांनाही सांगितलंय.) आता सोनोग्राफीची नळी घशातून आत, अन्ननलिकेतून, हृदयाच्या अगदी पाठीशी नेणार. गुंगी देणार, पण थोडीच, कारण शुद्धीवर राहून मला सांगितलेलं ऐकायचं आहे.

सही केली. अक्षर तिरपं आलं. पेन डॉक्टरांचं होतं, चांगलं होतं.

बायको आज इथेच खुर्चीत. संडासाच्या दाराला इथे मुळातच कडी नाही.

उद्या: जोर लावणे.