गाडीत उगवलेली पऱ्हाटी

आई, मागच्या आठवड्यात आपल्या व्हॅनची पुढची सीट उघडली. डावीकडची, तू भरलेली. एवढंच सांगायला बसले होते, पण सीटचं सांगायचं तर बाबांचं सांगावं लागतं आणि बाबांचं सांगायचं तर ते पडले तिथपासून सुरुवात करावी लागते. तुला लांबण आवडायची नाही. मी शाळेतून येऊन काही सांगायला लागले की परातीतलं पीठ मळत तू म्हणायचीस, "मुद्द्याचं सांग बाई, तवा तापून राह्यला." आता तव्याची घाई नाही. मी स्वतःच देवळीच्या शाळेत शिकवते, आणि वर्गातली पोरं एकमेकांत म्हणतात की मॅडमला एक गोष्ट सांगायला अख्खा तास लागतो. तेव्हा मी सावकाशच सांगणार, तू ऐकून घे.

पावसाळा संपता संपता बाबा वावराच्या बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. वावर केव्हाच मक्त्याने दिलंय, तिकडे जायची काही गरज नव्हती, पण कापसाच्या पऱ्हाटीला फुलं धरली का हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना अजून चैन पडत नाही. वर्ध्याला ऑपरेशन झालं, रॉड टाकला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन निक्षून सांगितलं, व्यायामाला नियमाने आणा, नाहीतर वॉकर सुटायचा नाही, आणि पुढे वॉकरही नकोसा होईल आणि हे खाट धरतील. पहिल्या खेपेला मी त्यांना व्हॅनमधून नेलं. हो, मी चालवते आता. येताना पूर्ण रस्ता त्यांनी खिडकीवरची मूठ धरून ठेवली होती. घरी उतरल्यावर म्हणाले, "मले नाई जायचं आता पुन्हा." काऊन म्हणून विचारलं तर भिंतीकडे तोंड.

मी स्वतः त्या सीटवर जाऊन बसले तेव्हा कळलं. तू भरलेला कापूस इतक्या वर्षांत दबून त्याचे गोळे झालेत, आणि त्यातला एक नेमका खुब्याखाली येतो. चढता-उतरताना घासते ती बाहेरची कड पार फाटली होती आणि आतली तार बाहेर डोकावत होती. मागच्या बाकावर त्यांचा पाय दुमडत नाही. ऑटोचे धक्के सोसत नाहीत. दुसऱ्याची गाडी सांगते म्हटलं तर म्हणाले, "आपली दारात उभी असताना लोकाची कायले?" मग नवी सीट बसवू म्हटलं, तर माझ्याकडे असे पाहायला लागले की मी जणू तुझा फोटो भिंतीवरून उतरवते आहे. "थे तुह्या मायनं भरलेली सीट हाय. तिनं जसं केलं तसंच राहू दे." मी चिडले. म्हटलं, पाय जाईल तुमचा. तर म्हणाले, जाऊ दे. तुला माहीत आहे ते कसे म्हणतात ते. त्यानंतर व्यायामाचा एक वार गेला, मग दुसरा गेला, आणि ते खाटेवरून उतरून न्हाणीपर्यंत जायलाही कुरकुर करू लागले. मला खरंच भीती वाटायला लागली, आई.

व्हॅन घरी आली तो दिवस मला अजून दिसतो. अल्लीपूरच्या एका मास्तरांची वापरलेली पांढरी व्हॅन दारात उभी आहे, बाबा इंजिनाचं कौतुक सांगतायत, आणि तू हळदीकुंकवाचं ताट हातात धरून आधी आत डोकावतेस. "पुढची सीट तं फाटली हाय. माणूस बसन कुठं?" फोमचा भुगा होऊन तो खाली गळत होता. वर्ध्याचा दुकानदार नवी सीटच बसवा म्हणाला. तू म्हणालीस, "घरात छतापर्यंत कापूस अन् फोम विकत आणाचा?" वेचणीचे दिवस होते. मधल्या खोलीत कापसाची गंज लागली होती, आम्ही पोरं तिच्यावरच लोळायचो. तू बारदान कापून स्प्रिंगांवर अंथरलंस, वरून कापूस दाबून दाबून भरलास आणि पोती शिवायच्या दाभणाने खालून हे एवढाले टाके घातलेस. कापूस वेचून आणलेला, तसाच्या तसा, सरकीसकट. एकेक बी काढत बसायला तुला फुरसत कुठे होती? असली चूक कापूस पिकवणाऱ्या घरातच व्हायची.

पुढच्या पावसाळ्यात डावीकडची काच वर जाईना. सीट भिजली, वाळली, पुन्हा भिजली. वरून पाणी आणि खाली इंजिनाची ऊब. एका सकाळी बाबा दार उघडून ओरडले, "अवं, लवकर ये, गाडीत पऱ्हाटी निघाली!" शिवणीतून दोन हिरवी पानं वर आली होती. सगळी आळी पाहायला आली. बाबांनी ते रोप हलक्या हाताने काढून न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलं, ते तिथे चांगलं वाढलं, त्याला बोंडंही लागली, आणि त्या कापसाच्या तू वाती वळल्यास. तेव्हापासून आपल्याकडे आलेल्या कुठल्याही पाहुण्याची ही गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका झाली नाही. "आमची बाई म्हंजे, सीटमंदी पेरणी करते," इथून बाबा सुरू करायचे. तू चहा घेऊन यायचीस आणि म्हणायचीस, "झाली का तुमची पऱ्हाटी सांगून? मंग आता चहा घ्या." सगळे हसायचे. तूही हसायचीस. मी डी.एड.ला असताना तू गेलीस, आणि तुझ्या तेरवीच्या पंगतीतसुद्धा बाबांनी तीच गोष्ट काढली, आणि दोन पानांपर्यंत येऊन त्यांना पुढे बोलता आलं नाही. मला पाहायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी तीच सांगितली. तुला ओळखत नव्हते त्यांनी तुला त्या गोष्टीतूनच ओळखलं.

तर मी बसस्टँडच्या मागच्या कुशनवाल्याला घरी घेऊन आले. मोठा बोलका माणूस, गालात तंबाखूचा खर्रा धरून अखंड बोलतो. सीट वर उचलून, दाबून पाहून म्हणाला, "म्याडम, सांगाडा मजबूत हाय. नवी कायले घेता? पाठीमागचं रेक्झिन कोणी पाह्यते का? थे काढून कडेले लावतो, मागं साधं मारून देतो. आत फोम भरला का गाडी बुजून जाईन, मी दुसऱ्याची होय का म्हून." बाबा ओसरीत खुर्चीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "कडेचंच शिव. आत हात नाई लावाचा." तो म्हणाला, "बाबाजी, खालून उघडल्याबिगर कड शिवता येत नाई." मी मुद्दाम तुळशीला पाणी घालायला गेले. मग बाबा म्हणाले, "माह्यासमोर उघड."

आंगणात चादर अंथरली. थंडीचं ऊन होतं. त्याने सीट पालथी घातली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. "हे दोनदा शिवलं हाय," तो म्हणाला. मी वाकून पाहिलं. दाभणाची मोठी भोकं एका ओळीत रिकामी होती, आणि त्यांच्या आतून बारीक, एकसारखे टाके गेले होते, ब्लाउजला घालतात तसे. त्याने ते उसवले. कापूस थराथराने निघाला, पिवळा पडलेला, धुळीने भरलेला, तो शिंकायला लागला. बाबा म्हणाले, "सरकी बाजूले ठेवजो, ह्या पोरीले दाखवतो." तो म्हणाला, "सरकी कुठं हाय बाबाजी? हा तं निवडेल कापूस हाय." बाबांना ते पटेना. त्यांनी एक गोळा मागून घेतला, मांडीवर ठेवून बोटांनी फोडला, मग दुसरा, मग तिसरा. जन्मभर कापूस पिकवलेला माणूस तो. जिनिंगचा कापूस कसा असतो आणि हाताने एकेक बी काढून ठेवलेली पुंजकी कशी असतात हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. "हे तिनं हातानं निवडलं," ते म्हणाले. आणि मग कोणाकडेच न बघता, "मले बोलली नाई."

तेव्हा मला ती दुपार आठवली. रोप निघाल्यानंतरचीच, पाऊस उघडल्यावरची. मी शाळेतून येते तर तू व्हॅनमध्ये, सीट पुढे कलंडवलेली, पायाशी पोतं, आणि अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. मी विचारते, काय झालं? तू म्हणतेस, "काई नाई. उंदीर शिरला का पाहून राह्यली. जा, हातपाय धू." मी हातपाय धुवायला गेले. पोत्यात काय आहे हे मी विचारलं नाही, आणि उंदीर सापडला का हेही नाही. किती दुपारी तू तिथे बसली असशील कोण जाणे. बाबा वावरात, आम्ही शाळेत, आणि तू एकेक बी चिमटीने ओढून काढत असशील. मग सगळं परत जागच्या जागी बसवून, दाभण बाजूला ठेवून, बारीक सुईने शिवलंस. आणि नंतरची सगळी वर्षं चहाचा ट्रे हातात घेऊन उभी राहिलीस आणि हसलीस.

मला तुझा राग आला, आई. खरं सांगते, त्या चादरीवर बसून मला आधी रागच आला. एकदा म्हणायचंस की, बाप्पा, ती सरकी मी केव्हाच काढून टाकली. ती गोष्ट तुझ्या मनाला लागत होती तर बोलायचंस. की लागत नव्हती, आणि बाबांना गोष्ट सांगताना येणारा हुरूप तुला मोडायचा नव्हता? की तुझं काम तुला नीट हवं होतं, बस, आणि ते कोणाला सांगायची गरज तुला वाटलीच नाही? मी पुष्कळ विचार केला. मला यातलं काहीच नक्की म्हणता येत नाही. मी तुझी मुलगी असून मला येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

बाबा किती तरी वेळ तसेच मांडीवर कापूस घेऊन बसले होते. कुशनवाला बिचारा गोंधळला, काम थांबवायचं की करायचं हे त्याला कळेना. खर्रा थुंकायला म्हणून फाटकापर्यंत जाऊन आला. शेवटी बाबाच म्हणाले, "मी तिच्यासमोर सांगत राह्यलो ना बे. बायकामाणसांत, सोयऱ्याधायऱ्यांत." मग हाताने कापूस एका बाजूला सारला. "तिनं एकदा बदलवलं नं? तिचंच तिले पटलं नव्हतं, म्हून बदलवलं. मंग आता काय अडलं? टाक फोम." मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, "काय पाह्यतं? दवाखान्यात फोन लाव, कधी येऊ म्हणा."

सीट छान झाली आहे. कडेला मागचं रेक्झिन लावलंय, रंग जराही वेगळा दिसत नाही, कारण ते तिच्याच अंगावरचं. फोम दाट घातलाय. तुझा कापूस मी टाकला नाही. आंगणात ऊन दाखवलं, काठीने झोडपला, धूळ गेली तसा जरा पांढरा झाला, आणि त्यातल्या चांगल्या कापसाची एक लहान उशी शिवली, बाबांच्या कमरेमागे द्यायला. मशीनवर शिवली. तुझ्यासारखे टाके मला येत नाहीत आणि येतील असंही वाटत नाही.

काल नेलं त्यांना. रस्ताभर मूठ धरली नाही, उलट कोणाच्या वावरात काय लावलंय यावर बोलत होते. व्यायाम घेणारी मुलगी तरुण आहे, थट्टेखोर आहे. म्हणाली, "आजोबा, उशी घरूनच घेऊन आले का?" मला वाटलं, आता पऱ्हाटीची गोष्ट सुरू होणार. मी मनातल्या मनात दोन हिरव्या पानांपर्यंत पोहोचलेसुद्धा. पण बाबांनी उशी कमरेमागून काढली आणि तिच्यापुढे धरली. "आमच्या घरच्या बाईनं निवडेल कापूस हाय. पाह्य दाबून. पाह्य ना. एक सरकी लागणार नाई." तिने आपली दाबून पाहिली आणि हसून मान हलवली. मग ते वॉकर सोडून, भिंतीचा दांडा धरून, खिडकीपर्यंत चालत गेले.

हे कुठे पाठवायचं नाहीच, वहीत ठेवून देईन, म्हणून एक सांगून टाकते. उशी भरताना एक सरकी माझ्या बोटांना लागली. काळी, बारीक, तिला अजून थोडा कापूस चिकटून होता. तेवढी एक तुझ्या हातून सुटली होती. ती आता उगवायची नाही हे मला कळतं, तरी ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. बाबा समोरच बसले होते. माझा हात थांबलेला त्यांनी पाहिला, आणि विचारलं, "काय सापडलं?"

मी मूठ मिटली आणि म्हटलं, "काई नाई, बाबा."