धुवायला काढलेली झेंडी

बा, तुझी पणती रूळ बांधायला लढाईच्या मुलखात निघाली. हे ज्याला कळेल असं माणूस आता घरात नाही, म्हणून तुला लिहिते. माझी चौथी झालेली, तीही मास्तर कंटाळून वर ढकलत गेले म्हणून, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस. तुला तरी कुठे वाचता येत होतं. किराणावाल्याच्या कॅलेंडरचा कागद जाड असतो, त्याच्या पाठीवर लिहिते आहे. पुढच्या बाजूला गणपती आहे, त्याला काय ते वाचू दे.

ती माझ्या मुलाची थोरली. तू गेलास तेव्हा तिचा बापच चड्डी सावरत शाळेत जात होता, म्हणजे तू तिला बघायचा प्रश्नच नाही. ती इंजिनीअर झाली आणि कुठे नाही ती रुळांच्याच कामात शिरली. तू घमेल्याने खडी ओतायचास, ही कुठल्या रुळाखाली कसली खडी घालायची ते ठरवते. कोकणात पूल झाले तिच्या हातून, इथे आमच्या उलव्याच्या अंगाला पण काम केलं. उन्हात काळी होऊन घरी यायची तेव्हा मी म्हणायचे, मिठागरावरच राहिलो असतो तर हा रंग फुकट मिळाला असता. तिला असलं बोलणं चालतं. म्हणूनच माझं तिच्याशी पटतं.

त्या देशाचं नाव मला घेता येत नाही आणि घ्यायचंही नाही. टीव्हीवर तिथला एक पूल दाखवला. मधोमध मोडून नदीत वाकलेला, म्हैस पाणी प्यायला वाकते तसा. लढाई थांबली म्हणतात, पण पुन्हा कुठे कुठे बार होतात तेही त्याच तोंडाने सांगतात. तो पूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे रूळ पुन्हा उभे करायचे, तिथे माणसं कमी पडताहेत, म्हणून हिच्या कंपनीने हिला विचारलं. आणि खडीत सुरुंग आहेत, बा. रुळाखालच्या खडीत. जी खडी तू हाताने सारखी करायचास.

ती हे सांगायला स्वयंपाकघरात आली तेव्हा मी मांदेली साफ करत होते. सुनेचा हात पिठात होता, तो तसाच राहिला. मुलगा आधी ओरडला, मग कंपनी मोठी आहे, विमा आहे, सोबत पलटण असते, असं स्वतःलाच समजावत बसला. मी मान वर केली नाही. "जायचं नाय," म्हटलं आणि पुढच्या मांदेलीचं डोकं काढलं.

ती माझ्या शेजारी खाली बसली. "आजी, झेंडी लावलीस?"

"लावली."

आमच्या घरात या शब्दाला वजन आहे. ते कुठून आलं ते तुला माहीत आहे. पण मला तो दिवस पुन्हा एकदा तुझ्यासमोर मांडायचा आहे, कारण हल्ली तो माझ्या डोक्यातून जात नाही.

दिव्याहून पनवेलला गाडी नवीनच सुरू झाली होती आणि मिठागर सोडून तू रेल्वेच्या गँगमध्ये लागला होतास. आय तुझी झेंडी दर रविवारी धुवायची. लाल कापड मळलं की तपकिरी दिसतं, मग ड्रायव्हरला दिसणार काय, असं तूच तिला सांगून ठेवलं होतंस. त्या दिवशी मी आणि आय तुझी भाकर घेऊन रुळाच्या कडेने येतोय. पाऊस पडून गेलाय, सगळीकडे चिखल. पुढे दोन काठ्या रोवलेल्या आणि त्यांच्यामध्ये रुळांवर आडवी ताणलेली तुझी झेंडी. तिच्यावर चिखलाचे हे एवढे शिंतोडे. तुम्ही सगळे पार लांब, वळणापलीकडे, रूळ उघडून बसलेले. आय म्हणाली, बघ, परवा धुतली आणि काय करून ठेवलीन. तिने गाठी सोडल्या, झेंडी काढली आणि बाजूच्या खाचरातल्या पाण्यात खळबळायला घेतली. धुऊन पुन्हा बांधणारच होती ती. तिच्या दृष्टीने ते तिच्या नवऱ्याचं मळलेलं कापड होतं, दुसरं काही नाही.

मग मागून बार झाले. एकामागोमाग एक. त्याही पलीकडे रुळांना तुम्ही फटाके बांधले होते, बूटपॉलिशच्या डबीएवढे, चाक चढलं की फुटणारे, ड्रायव्हरला जागं करायला. गाडी किंचाळत थांबली. ड्रायव्हर बाहेर वाकून बघतोय, पुढे लाल काही दिसतं का. दिसणार कुठून, लाल आयच्या हातात होतं, पाण्यात. बघता बघता इंजिन पुन्हा हलायला लागलं, सावकाश, चाचपडत. आणि तू वळणावरून धावत आलास. मी तुला धावताना त्याआधी बघितलं नव्हतं. तू आयच्या हातातून ती ओली झेंडी ओढलीस आणि रुळांच्या मध्ये उभा राहून हलवत राहिलास, पाणी तुझ्या तोंडावर उडत होतं. इंजिन थांबलं तेव्हा त्याची वाफ तुझ्या अंगावर येत होती.

आयला तू हात लावला नाहीस. सगळ्या गँगसमोर एवढंच बोललास, "जो लावतो तोच काढतो. दुसऱ्यानं हात लावायचा नाय, देव आला तरी." आय ओल्या हातांनी उभी आणि मी भाकरीचं फडकं छातीशी धरून. मुकादम भला, त्याने वर कळवलं नाही. त्यानंतर झेंडी तू स्वतः धुवायला लागलास. आय आठवडाभर बोलली नाही, तर बाजारातून येताना तू तिच्यासाठी बांगड्या आणल्यास, हिरव्या. ती हातात घालता घालता म्हणाली, "म्हणजे आता लाइन मोकळी का?" तू हसलास. त्या घरात तू हसलेला मला तेवढाच आठवतोस.

मी ही गोष्ट पोरांना सांगितली, त्यांनी त्यांच्या पोरांना. आमच्याकडे कोणी कशाला आडवं गेलं की झेंडी लावली म्हणतात, आणि मग ती दुसऱ्या कोणी काढायची नाही. सुनेने एकदा टीव्हीवर लावली होती, परीक्षा होईपर्यंत पोरांनी हात लावला नाही.

आता माझा हिशोब काय होता ते ऐक. मी झेंडी लावणार, आणि कोणीतरी ती डावलून पोरीला पाठवणार, हे मी धरून चालले होते. म्हातारीचं कोण ऐकतं. मग मी जन्मभर कुरकुरायला मोकळी: मी सांगितलं होतं, माझं ऐकलं नाय. मुलाने तसं केलंही. तिला बाजूला घेऊन म्हणाला, तू कळवून टाक, आजीला मी बघतो. मी खिडकीत लसूण सोलत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, आजीने लावलीय," ती म्हणाली. "आजीच काढेल. नाही काढली तर सोमवारी मी कंपनीला नाही म्हणून कळवते."

लसणाची पाकळी माझ्या हातातून खाली गेली. बघ कशी आहे. तिने मला माझ्याच झेंडीला बांधून टाकलं. आता ती गेली तर मी पाठवलेली आणि राहिली तर मी अडवलेली.

त्या दिवसांत बाहेर ढुम्म असा आवाज झाला, विमानतळाकडे काहीतरी पडलं असेल, की मी हातातलं टाकून दारात जायचे. आयची आठवण यायची. तू कामावर असलास की ती संध्याकाळची गाडी जाईपर्यंत तांदूळ चुलीवर चढवायची नाही. गाडी नेहमीच्या आवाजात गेली म्हणजे रूळ ठीक, रूळ ठीक म्हणजे तू ठीक. गाडी रखडली की ती धुतलेले तांदूळ पुढ्यात घेऊन बसून राहायची. मला त्या बाईचं हसू यायचं. भूक लागलेली असायची आणि ही गाडीचा आवाज ऐकते आहे. पण तिला ऐकायला गाडी तरी होती. ही जाणार त्या देशातली कुठली गाडी मला इथे विचुंब्यात ऐकू येणार?

तू झेंडी कशी काढायचास ते मी आठवून बघितलं. घाई नसायची. पहारी, घमेली, माणसं, सगळं रुळांवरून बाजूला झालं का बघायचास. रुळाच्या सांध्यावर हात ठेवायचास. मग एकटा चालत मागे जायचास आणि गाठी सोडायचास. म्हटलं, आपणही तसंच करावं. रविवारी ऊन उतरल्यावर मी तिला म्हटलं, चल, रुळाकडे फिरून येऊ. कुंपणापाशी उभं राहून मी तिला विचारायला सुरुवात केली. सुरुंग कोण काढतं? त्याची वेगळी माणसं असतात, ती पुढे जातात. आणि तू? त्यांनी जागा मोकळी केल्यावर. आणि मोकळी झाली हे कोण सांगतं? तेच. लाल खुणा ते लावतात आणि तेच काढतात, आमच्यातला कोणी हात लावत नाही.

"हे माझ्यासाठी बनवून सांगतेस का गो?"

"नाही आजी. तसंच असतं." मग म्हणाली, "पण सगळे सुरुंग सापडतातच असं नाही. हे मी बनवून सांगितलं असतं का?"

एक मालगाडी गेली, डबे संपेचनात, तेवढा वेळ बरं वाटलं. ती गेल्यावर विचारलं, भ्याव वाटतं का. ती कुंपणाची तार नखाने खरवडत होती. म्हणाली, वाटतं. तू नाही म्हणालीस तेव्हा एक क्षण बरं वाटलं होतं मला.

"मग नको ना जाऊ."

"जायचंय, आजी. भीती वाटते आणि जायचंय पण. मला काम येतं ते." आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, तिथली माणसं दवाखान्यात जायला त्या मोडक्या रुळांवरून चालत जातात, पोरं पाठीवर घेऊन.

मला ती माणसं दिसली नाहीत, बा, खोटं कशाला सांगू. मला हीच दिसली, त्या रुळांवरून चालताना. पण एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली. तुझी झेंडी कधी रात्रभर राहिलेली मी पाहिली नाही. काम झालं की संध्याकाळच्या गाडीआधी ती निघायचीच. कायमची लावलेली झेंडी तुझ्या गँगमध्ये कोणी ऐकली नसती. माझं विचारून झालं होतं. आणखी काय बघायचं ते मला सुचत नव्हतं.

"काढली," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, रडायचं असेल तर घरी जाऊन रड, इथे लोक बघतात. ती हसली आणि माझा दंड धरून चालायला लागली. घरापर्यंत तिने तो सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही, गुडघा दुखत होता म्हणून.

ती गेली. विमानतळावर मी गेले नाही, दारातूनच परत फिरले. आता रोज संध्याकाळी तिचा एक अंगठा येतो, फोनवर, पिवळा. बोलायला तिथे लाइन नसते म्हणे. मुलगा अंगठा बघतो आणि जेवायला बसतो.

तू सांध्यावर हात ठेवून मग झेंडी काढायचास. मी माझी काढली ती नुसतं विचारून. तो रूळ मी बघितलेला नाही. हे तुला सांगायचं होतं, आणि हा कागद कुठल्या टपालात टाकायचा ते माहीत नाही, म्हणून गादीखाली जाईल.

काल अंगठा फार उशिरा आला. मुलगा दोनदा विचारून गेला, आय, भाताला एवढा वेळ का. मी म्हटलं, गॅस संपत आलाय, जाळ लागत नाय. सिलिंडर परवाच आलाय, बा.