आधी उत्तर देणारा

प्रिय ताई,

हे पत्र हातात पडेल तेव्हा भाऊजी घरात असतील तर त्यांना समोर बसव, बाहेर गेले असतील तर कुणाला तरी पाठवून बोलावून घे. शेवटची ओळ वाचून होईपर्यंत त्यांना पिशवी भरू देऊ नकोस. आणि पत्र पोचलं म्हणून मला कॉम्प्युटरवर काही लिहू नकोस. एक अक्षरसुद्धा नाही. तू माझं कधी सरळ ऐकलेलं नाहीस, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

अक्षर बघून हसशील. सातवीनंतर हातात पेन धरलं ते फक्त पगाराच्या सहीला. कागद बटाट्याच्या गोण्यांना लावतात त्या चिठ्ठ्यांचे आहेत, मागून कोरे. स्वयंपाक्याच्या कोठीत पिंपावर बसून लिहितोय. बाहेर दुपारच्या जेवणाची पाळी चालू आहे, थाळ्यांचा एवढा खणखणाट की माझ्या मनातलं मलाच ऐकू येत नाही. कुणी डोकावलं तर मी वायर तपासतोय. तशी एक मांडीवर घेऊन बसलोय.

सातवीचं प्रगतिपुस्तक आठवतं? तीन विषयांखाली लाल रेघा. बाबांना दाखवलं असतं तर सालटी निघाली असती. तू कपडे धुवायच्या दगडावर बसून बाबांची सही ठोकलीस, एका फटक्यात, खालचा फराटासुद्धा तसाच. बाईंनी बघितलं आणि पान उलटलं. त्यांना कळलं कसं नाही, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "सही हवी होती, सही आहे. कुणाची आहे ते कोण विचारतं?" हे वाक्य मी इथे येऊन रोज शिकलो, ताई.

माझं काम काय ते तुला धड कधी सांगितलंच नाही. कंपनी जुन्या बॅटऱ्या घेते, फोडते आणि आतलं शिसं वितळवते. मी फोडायच्या शेडमध्ये नाही. मी वायरी ओढतो, कॅमेऱ्यांच्या, ऑफिसच्या, आणि जेवणघराशेजारच्या पत्र्याच्या खोलीतल्या सहा कॉम्प्युटरांच्या. इथे आल्याआल्या प्रत्येकाचा फोन गेटवर काढून घेतात. घरी लिहायचं तर त्या सहांवरूनच, रविवारी, रांग लावून, प्रत्येकाला वीस मिनिटं. निघताना भाऊजी म्हणाले होते, वायर ओढता ओढता स्वतःच गुंडाळला जाऊ नकोस साहेब. मी हसलो होतो.

मला काम शिकवलं ते उस्तादाने. चष्म्याला दोरी, खिशात तीन स्क्रूड्रायव्हर, बोलताना कायम दुसरीकडे बघणार. माणूस सरळ. त्याने मला समजावलं की एका आवारातले सगळे कॉम्प्युटर एका जाळ्यात असतात, त्याला ते लॅन म्हणतात. त्यातल्या कुणालाही बाहेर काही पाठवायचं असलं की तो आधी सगळ्या जाळ्यात हाळी देतो, बाहेरचा दरवाजा कोण? आणि जो आधी 'मी' म्हणेल त्याच्या हाती सगळं सोपवून मोकळा होतो. खूण विचारत नाही की ओळख. बाहेरच्या चोराला दहा कुलपं, आणि घरात शिरलेल्याला बसायला पाट, अशी ही जात, उस्ताद म्हणायचा.

हे जाळं किती कच्चं आहे ते, सगळं आवार ज्याच्या हुकमावर चालतं त्या मुकादमाला दाखवावं, म्हणजे तो चांगलं सामान मागवेल, असं उस्तादाच्या मनात आलं. त्याने साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी आणली आणि जाळ्यात अडकवली. सहा कॉम्प्युटरांनी दरवाजा कोण विचारलं की खऱ्या दरवाज्याच्या आधी ही डबी 'मी' म्हणायची. सगळं तिच्या हातून जाणार आणि तिथून पुढे, म्हणजे कुणाला पत्ता लागायला नको. त्यात कंपनीची डाक पोस्टकार्डासारखी उघडी, आणि प्रत्येकाचा पासवर्डही उघडाच. मुकादम पडद्यासमोर पाच मिनिटं उभा होता. त्यावर एका गड्याचं बायकोला लिहिलेलं पत्र ओळ ओळ उमटत होतं. मुकादम कधी ओरडत नाही, ताई, आवाज देवळातल्यासारखा. त्याने विचारलं, हे त्या लोकांना कळतं का? उस्ताद म्हणाला, नाही ना, तोच तर धोका आहे. मुकादम म्हणाला, "मग राहू दे डबी इथेच."

आठ दिवसांत उस्तादाचं काम संपलं असं ठरलं. जाताना मला एवढंच म्हणाला की मी भोक बुजवायला दाखवलं आणि त्याने त्याची खिडकी केली, तू मात्र त्या डबीला हात लावू नकोस. आता मला लावू नको म्हटलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे. पाच वर्षांचा असताना खिळा तोंडात घालू नकोस म्हणालीस आणि मी गिळला. दोन दिवस तू मला केळी चारत होतीस आणि काठी घेऊन मागे मागे फिरत होतीस, आईला पत्ता न लागू देता. तिसऱ्या दिवशी खिळा मिळाला तेव्हा रडलीस आणि मग मला बदडलंस. तेव्हापासून मी खिळ्या, तेही फक्त तुझ्या तोंडी.

डबी दर आठवड्याला भरायची. ती रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक गड्याच्या हजेरी नंबराचा एक कप्पा, त्याची पत्रं त्यात टाकायची आणि मुकादमाच्या खोलीतल्या मशीनवर चढवायची. मी वाचायचो, खोटं कशाला बोलू? कोण बायकोला काय म्हणतो, कुणाची आई कुणाच्या सुनेवर रुसली, सगळं. रांगेत उभ्या गड्यांकडे बघून मनात हसायचो. सातवी नापास पोराला शंभर घरांच्या आतलं कळतं, तर डोकं ठिकाणावर कसं राहील?

मग एक दिवस मुकादमाने बोलावलं. म्हणाला, स्वयंपाक्याचा धाकटा भाऊ घरी बसून आहे, त्याला इथे काम देऊ या, पण हा लाजतो, लिहीत नाही. तू त्याची पत्रं वाचली आहेस, त्याच्या नावाने दोन ओळी लिही, भलं होईल त्यांचं. मला वाटलं, होईल. स्वयंपाक्याला दर वाक्याला 'बरं का' म्हणायची सवय आहे. मी दोन ओळींत दोनदा 'बरं का' घातलं. स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन बाहेर पडलो.

तीन आठवड्यांनी भाऊ आला. जेवणाच्या रांगेत थाळी पुढे केली आणि स्वयंपाक्याची पळी पातेल्यातच थांबली. तू कसा आलास, असं त्याने विचारलं. भाऊ हसत म्हणाला, "तूच बोलावलंस की, बरं का." स्वयंपाक्याने रविवारी आपली डाक उघडून बघितली. पत्र होतं, त्याच्याच नावाने गेलेलं. त्यानंतर महिनाभर तो भेटेल त्याला सांगत होता, म्हातारा झालो रे, लिहून विसरलो बघ. ताई, तो माझ्यासमोर डोक्यावर चापट मारून घ्यायचा आणि मी वाटाणे सोलत बसायचो.

भाऊ फोडायच्या शेडमध्ये गेला. नवा माणूस तिथेच जातो, कारण जुना टिकत नाही. शिसं अंगात भिनलं की आधी तोंडाला गोडसर चव येते, मग पोटात कळा, मग हिरड्यांवर निळसर रेघ. चौथ्या महिन्यात मनगट लोंबायला लागतं. परवा स्वयंपाकी त्याला चमच्याने भरवत होता, तेवीस वर्षांच्या माणसाला. घरी जायचं म्हटलं तर कागदपत्रं ऑफिसच्या कपाटात, वर्ष भरल्याशिवाय कपाट उघडत नाही. आणि हे बाहेर फुटू नये म्हणून घरच्यांना कुणाचं खरं पत्र जातच नाही आता. दुखतंय, न्यायला या, असं कुणी लिहिलं की ते डबीतच राहतं आणि पुढे जातं ते मुकादमाने लिहवून घेतलेलं दुसरंच.

हे सगळं माहीत असूनही माझा स्वतःचा कप्पा बघावा असं मला कधी वाटलं नाही. मी म्हणजे आतला माणूस ना. माझा हजेरी नंबर एकशे अठरा. गेल्या मंगळवारी सकाळी मुकादम गेटवर गाडीतल्या बॅटऱ्या मोजत होता, मी त्याच्या मशीनसमोर होतो, आणि एकशे सतरानंतर बोट सहज खाली सरकलं.

आत माझी चौदा पत्रं होती, मी न लिहिलेली. ताई, तो माझ्यापेक्षा चांगला भाऊ आहे गं. तो तुझ्या पाठीचं दुखणं विचारतो. भाऊजींच्या गुडघ्याला कोणतं तेल लावता ते विचारतो. शुद्धलेखन सुरेख, शेवटी 'तुझा लाडका भाऊ'. आणि खाली तुझी खरी उत्तरं, लांबलचक. एकात तू लिहिलंयस, लांब जाऊन माणूस झालास रे. ते वाचून मला तोंडात कुणी मारल्यासारखं झालं, कारण मी कधीच तसा नव्हतो. मला तुझ्याकडून काय मिळत होतं माहीत आहे? 'आम्ही सगळे मजेत, काळजी घे.' सहा महिने एक शिवी नाही, एक टोमणा नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. शिवीशिवाय पत्र लिहिणारी ती तू कसली? पण मला वाटलं, रागावली असेल, आणि मी ते तसंच सोडलं. दोन बाजूंना आपण दोघं, आणि मधे आपल्याशी आपल्याच नावाने बोलणारा तिसरा.

नवव्या पत्रापासून तो भाऊजींना बोलावतोय. गॅरेजचं काम आहे, बसून करायचं, गुडघ्याला त्रास नाही. इथे गॅरेज नाही, ताई. गाड्या येतात, बॅटऱ्या उतरवतात आणि जातात. तुझं शेवटचं उत्तर मी तीनदा वाचलं. भाऊजींनी गॅरेज सोडलं, मालकाची पाने-पक्कड परत केली, पंचवीस तारखेची गाडी धरणार.

त्या दिवशी दुपारी मी स्वयंपाक्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं, दोन ओळींतल्या दोन 'बरं का'सकट. तो बटाटा सोलत होता. सोलत राहिला. बटाट्याचा लिंबाएवढा झाला तरी सुरी थांबेना. मग ती खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाजीच्या गाडीचा डायव्हर माझं ऐकतो. कागद तिथे आहेत. पत्ता सुवाच्य काढ." माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

तेव्हा हे पत्र खुशालीचं नाही, ताई. भाऊजींना त्या गाडीत चढू देऊ नकोस, परत कामावर घ्या म्हणून गॅरेजच्या मालकाच्या पाया पडायला लागलं तरी चालेल. त्यांना बोलावणारा मी नव्हतो. सहीची आणि खिळ्याची गोष्ट मुद्दाम लिहिली आहे. त्या दोन्ही मी त्या मशीनवर कधी लिहिल्या नाहीत, एक तुझी चोरी म्हणून आणि दुसरी माझी लाज म्हणून, त्यामुळे त्या फक्त तुझ्याकडे आणि माझ्याकडे आहेत. शेवटच्या चिठ्ठीच्या मागे अकरा घरांचे पत्ते आहेत, कप्प्यांतून उतरवलेले. त्यांच्याकडूनही कुणी ना कुणी निघायच्या तयारीत आहे. प्रत्येकाला एकेक कार्ड टाक, तुझ्या अक्षरात, आणि हे पत्र कुणाला दाखवायचं ते भाऊजींना ठरवू दे. पंचवीसच्या गाडीतून ते उतरले नाहीत की मुकादम त्याच देवळातल्या आवाजात विचारेल, घरी कुणी कळवलं? वायरीचं काम दुसऱ्या कुणालाही शिकवता येतं, तेव्हा मी कुठे जाणार ते उघड आहे. त्यानंतर तुला माझ्या नावाने पत्रं येतील. ती गोड असतील. कागदावरचं ते कुणा खोडसाळाचं होतं, मनावर घेऊ नकोस, असंही लिहिलेलं असेल. तुझा जीव राहणार नाही, तू विचारशील, तूच ना रे? आणि लगेच 'हो, मीच' असं उत्तर येईल. ताई, जो आधी 'मी' म्हणतो, तो मी नाही. मी उत्तर देणारच नाही. पडद्यावर जे येईल ते त्याचं, जे येणार नाही तेवढंच माझं समज.

तुझाच,
खिळ्या