तळटीप समजून खोडलेल्या एका मताबाबत

प्रति,
मा. प्रकाशन अधिकारी,
निवडणूक अभिलेख विभाग, तिसरा मजला.

विषय : सातव्या राष्ट्रीय निवडणुकीतील एक मत पुन्हा छापण्याबाबत.

संदर्भ : आपला ग्रंथ 'राष्ट्रीय निवडणुकांतील राज्याचे मतदान', दुसरी आवृत्ती, पृष्ठ २१८.

महोदय,

१. उपरोक्त ग्रंथाची मुद्रिते अर्जदाराने तपासली आहेत. आपल्या राज्याने चौदापैकी तेरा वेळा देशात जिंकणाऱ्या बाजूलाच कौल दिला, हे त्यातून दिसतेच. प्रस्तुत तक्रार मात्र हरलेल्या बाजूची आहे आणि ती माझ्याचविरुद्ध आहे.

२. सातव्या निवडणुकीत माझे मेहुणे अपक्ष उभे होते. आमच्या मतदान केंद्रावर त्यांना एक मत पडले. पहिल्या आवृत्तीत तो '१' आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तो आकडा मला एकटाच, किंचित वर चढलेला दिसला. पानाच्या तळाशी टीप नव्हती. म्हणून तळटीपेचा अनाथ आकडा समजून मी तो लाल शाईने खोडला. रिकामा रकाना चालत नाही म्हणून छापखान्याने तिथे शून्य घातले. बेरीज पाहणे माझ्या कामात नव्हते. ती आजही ८१२ आहे. वरचे आकडे ८११ भरतात.

३. त्या केंद्रावर मेहुण्यांची नातलग माणसे दोनच होती : त्यांची बहीण, म्हणजे माझी पत्नी, आणि मी. ते एक मत 'माझेच', असे आम्ही दोघेही आपापल्या बाजूने छत्तीस वर्षे सांगत आलो. मेहुणे दर भेटीत हसून म्हणत, "अर्धं ताईचं, अर्धं भावोजींचं. मला सगळं पोचलं!"

४. आता शून्यामुळे दोघेही खोटे ठरतो. पत्नीने ते पान पाहिले. ती एवढेच म्हणाली, "जन्मभर लोकांच्या वेलांट्या सुधारल्यात, आणि माझं मत खोडलंत?" तेव्हापासून घरात माझ्याशी कामापुरते बोलणे होते. रविवारी मेहुणे जेवायला येत आहेत. नवी आवृत्ती पाहायची, असा त्यांचा निरोप आहे. ग्रंथ मी तूर्त शिलाई मशीनच्या झाकणाखाली ठेवला आहे. पण सहाशे पानांमुळे झाकण बसत नाही.

५. सबब, शनिवारपर्यंत शुद्धिपत्रक काढावे. एकच प्रत छापली तरी चालेल. ते शक्य नसल्यास कार्यालयाच्या शिक्क्यासह हाताने '१' करून द्यावा. मी स्वतः केला असता, पण माझ्या हातावर आता माझाच विश्वास नाही.

६. हे कलम लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. अभिलेख अचूक असावा म्हणून नमूद करतो की ते मत माझे नव्हते. त्या वर्षी सगळे राज्य एका बाजूला वाहत गेले, आणि पडद्याआड शिक्का हातात आल्यावर मीही गेलो. पत्नीला हे पहिल्या दिवसापासून माहीत असावे. मतमोजणीच्या संध्याकाळी तिने मला विचारले नव्हते, फक्त चहात साखर घालायची राहिली होती. मेहुण्यांसमोर तिने मला कधीही खोटे पाडले नाही.

तरी तो '१' जागेवर बसवावा. आणि या खेपेस त्याला खरोखरच तळटीप जोडू नये, ही विनंती.

आपला नम्र व खजील,
(सही)
निवृत्त मुद्रितशोधक

दिनांक : १४, मंगळवार

सोबत : १. पहिल्या आवृत्तीचे पृष्ठ २१८.
२. लाल खुणेसह मुद्रित.
३. कलम ६ वगळून केलेली या अर्जाची प्रत (घरी दाखवण्यासाठी, पोच याच प्रतीवर द्यावी).