पडद्यावरचा जिना

अप्पा,

परवा माळा आवरताना तुम्ही रंगवलेला पडदा सापडला. नव्या पेठेतल्या आपल्या फोटो स्टुडिओतला, दोन्हीकडे खांब आणि मधून वर जाणारा संगमरवरी जिना. वळसंगहून आलेला एक नवरदेव त्याच्या पायरीवर ऐटीत पाय ठेवायला गेला आणि नवरीसमोरच आपटला. तुम्ही कितीतरी दिवस ते सांगून हसत होता.

मला मात्र ते नुसतं रंगवलेलं कापड दिसायचं. तसं म्हटलं की तुम्ही ब्रश खाली ठेवता, माझ्या डाव्या डोळ्यावर तळहात धरता आणि म्हणता, "आता बग. जातोय का न्हाय आत?" आणि खरंच पायऱ्या मागे मागे सरकतात, अंगावर काटा येतो. हात काढला की पुन्हा कापड. दोन डोळ्यांना भिंत कळते, एकट्या डोळ्याला फसवता येतं, असं तुम्ही समजावायचात. तुम्हाला डोळा झाकावा लागत नाही का, असं मी एकदा विचारलं.

"मला तसाच दिसतोय की."

मला वाटलं, ही चित्रकाराची नजर. तुम्हालाही तसंच वाटत असणार.

पुढे तुम्ही कपाबाहेर चहा ओतायला लागलात, आई चिडायची. मग एका भर दुपारी स्टुडिओच्या खऱ्या जिन्यावर, पायरी होती तिथे सपाट जमीन समजून तुम्ही पाय टाकलात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काचबिंदूने डावा डोळा कधीचाच गेलाय, मुलांनीही तपासत राहावं. तुम्ही शुद्धीवर नव्हता, पुन्हा आलाही नाहीत.

परवा मी तो पडदा गच्चीच्या कठड्यावर उन्हाला टाकला. वळून पाहिलं तर जिना आत गेलेला, चांगला खोल. डोळ्यावर काही आलंय का म्हणून हात लावून पाहिला. दोन्ही डोळे उघडे होते. मग उजवा झाकला, तर पडदा, कठडा, सगळंच धुरकट. भीती वाटली अप्पा, फार भीती वाटली. शेजारी नात उभी होती. तिला विचारलं, जिना आत जातोय का गं? ती म्हणाली, "कापडच आहे की, आज्जी."

खाली येताना मी पायाने पायरी चाचपत उतरले, शेवटी शेवटी तुम्ही उतरायचात तशीच. सुनेने काय झालं विचारलं, मी गुडघ्यांचं नाव पुढे केलं. डॉक्टरांकडे जायचं ठरवलंय, पण घरात कुणाला बोलले नाही. हा कागद पडद्यातच गुंडाळून ठेवते. उद्या सकाळी नेहमीसारखं मलाच नातीला शाळेत सोडायचं आहे, आणि स्कूटीची किल्ली मी अजून सुनेकडे दिलेली नाही.