‘मंजुळा’ टगची माहिती

१२ जानेवारी २०२५

आप्पांनी होकार दिला! यंदा आमच्या वस्तीच्या शाळेत झेंडावंदन त्यांच्या हातून. मुख्याध्यापिका आरती मॅडम स्वतः घरी आल्या होत्या. “आणि तुमच्या वडिलांच्या, बिरूतात्यांच्या बोटीची माहिती तुम्हीच वाचायची, निर्मलाताई. कॉलेजात शिकवता, तुम्हाला काय अवघड!”

आप्पा हसले. “मेंढरामागचं पोरगं दर्यावर गेलं, एवढंच ल्ही. बाकी समदं पानीच हाय.”

१४ जानेवारी

आप्पा सांगतात, मी लिहिते. बोट मूळची नौदलाची, किनाऱ्यालगत गस्त घालणारी. आप्पा तिच्या इंजिनावर. ब्याऐंशी साली तिचा लिलाव झाला. मुंबईच्या एका मालकाने घेतली, तोफ उतरवली, तोफेच्या जागी दोराचा हूक बसवला आणि टग केली – मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी. नाव ठेवलं मंजुळा. आप्पांची नौदलातली मुदत संपली होती. तेही तिच्या मागोमाग गेले.

“तोफंवाली बाई हमाली करू लागली. पर लई इमानी!”

‘इमानी’चं मी ‘विश्वासू’ केलं. मग खोडून परत ‘इमानी’ लिहिलं. सांगणारे ते आहेत, मी नाही.

सत्तावीस वर्षं ओढत राहिली. शेवट भंगारात.

१७ जानेवारी

चिमाजीकाकांचं विचारलं – आप्पांनीच त्यांना गावातून टगवर नेलं होतं, एक्क्याण्णवला ते तिथेच वारले. आप्पा उठून गोठ्याकडे निघून गेले.

१९ जानेवारी

आज स्वतःहून बोलले. जसं ऐकलं तसं लिहिते.

टग माल भरलेला बार्ज ओढत होती. चिमाजीकाका मागच्या डेकवर दोरापाशी, आप्पा खाली इंजिनावर. वरून कप्तान घंटा वाजवणार, मग खाली इंजिन थांबवायचं – ही नौदलाची शिस्त. घंटेशिवाय हात हलवायचा नाही. पंधरा वर्षं अंगात मुरलेली. चिमाजीकाकांचा पाय दोराच्या वेढ्यात अडकला. ते इंजिनखोलीच्या उघड्या झाकणातून खाली ओरडले, “बिरूदादा, थांबव!”

“म्या आयकलं. हात दांड्यावरच व्हता. पर घंटा न्हाई वाजली. म्या घंटंची वाट बघितली.”

घंटा झाली तेव्हा काका पाण्यात होते.

चौकशीत आप्पांनी सांगितलं – ओरडणं ऐकू आलं नाही. कागदावर लिहिलं गेलं, मृताने इशाराही दिला नाही, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. खाली आप्पांची सही.

“बोट बदलली गं. म्या न्हाई बदललो.”

मी वही मिटली.

२१ जानेवारी

प्रयागबाईंकडे जाऊन आले. चिमाजीकाकांची बायको. शेंगा निवडत होत्या. सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

“चौतीस वर्सं झाली. आमच्या गाईचं दावं सुटलं तरी लोक म्हनायचे, चिमाजीचंच घर ते, बेपर्वा! माझ्या सुदर्शननं बापाचा फोटू भिताडाला लावू दिला न्हाई. आन् तू आता माझ्या कानात येऊन सांगतीस व्हय?”

मी म्हटलं, “काकू, मी काय करू?”

“माझ्या कानात नगं. साळंत भोंगा हाय ना? त्याच्यात सांग.”

२२ जानेवारी

चिमाजीकाकांचा उतारा लिहिला. सात ओळी. चार वेळा लिहिला. प्रत्येक वेळी आप्पांची बाजू थोडी जास्त होते.

२५ जानेवारी

आप्पांना प्रयागबाईंचं म्हणणं कानाशी ओरडून सांगितलं. बराच वेळ काठी जमिनीवर फिरवत बसले.

“बरुबर हाय तिचं. वाच. म्या सांगितलं आसतं, पर दात न्हाईत, लोकं म्हनतील म्हातारं काय बरळतंय!” हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग: “समदं वाच. मधलं काय गाळू नगंस.”

२६ जानेवारी

झेंडा नीट फडकला. आप्पांचा सॅल्यूट अजून ताठ. सरपंचांचं भाषण – “आपल्या मातीतला जवान!” – मुलांच्या टाळ्या. मग मी.

पुढच्या रांगेत प्रयागबाई, नव्या लुगड्यात. शेजारी सुदर्शन. त्याला मुद्दाम घेऊन आल्या होत्या.

उतारा तिसऱ्या पानावर होता. मी दुसऱ्यावरून चौथ्यावर गेले. पानं चिकटलेली नव्हती. मीच ती उलटली.

प्रयागबाई उठल्या, तोंडाला पदर लावून फाटकातून गेल्या. सुदर्शन टाळ्या वाजवत होता. काय वाचायचं राहिलं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

स्टेजवरून उतरताना स्वतःला सांगितलं, आप्पांच्या अब्रूसाठी केलं. खोटं! जवानाची मुलगी म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते हवं होतं.

आप्पा लांब, झेंड्याच्या खांबाजवळ खुर्चीवर. इंजिनाच्या आवाजाने कान कधीचे गेलेले, भोंग्यातलं लांबून काही कळत नाही. त्यांना दिसलं ते एवढंच – मी वाचतेय, आणि प्रयागबाई रडत निघाल्यात. जवळ गेले तर माझा हात दोन्ही हातांत धरला. “वाचलंस! लई मोठं काम केलंस, पोरी.”

मी मान डोलावली.

रात्री दोन भाकरी जेवले. कित्येक महिन्यांत जेवले नव्हते एवढं.

२७ जानेवारी

आप्पांनी सकाळीच दाढी केली, फेटा बांधला. “आता परयागच्या दारात जायला तोंड हाय,” म्हणाले आणि निघाले. मी अडवलं नाही.